कौलाच्या वेळी विमान

…नाही, विमानं उडू नयेत असं मी कुठे म्हणतो? उडू देत. गोवा पोर्तुगिजांकडनं सुटल्यापासून तिथली लढाऊ विमानं आमच्या मिठबावच्या डोक्यावरनं जातातच. पण तुम्हाला सांगतो, गुपचूप जात नाहीत ना मेली… आभाळ निरभ्र, समुद्र निवांत, आणि एकदम ढाम! आमची जानकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती, ती टोपलीसकट खाली बसली. म्हैस दोन दिवस पान्हावली नाही. हे सगळं मी सोसलं हो. पण माझ्या मुलीच्या, सुशीलाच्या लग्नाचा कौल लावलेला असताना? विमानाला दुसरी वेळ नव्हती?

आता आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय सोयरीक ठरत नाही. मुलाचे वडील, सावंतवाडीचे दाजी, सगळं गोत घेऊन देवळात हजर. बाबली गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तास गेला… कोण खोकेना, माझे गुडघे धरले, आणि शेवटी उजवी पाकळी हलली. या डोळ्यांनी बघितली, अगदी सुटायला आली… ढाम! उजवी पडली, डावी पडली, कपाळावरची पडली, वरून छपराची दोन नळीची कौलं आली.

बाबली म्हणतो, "चाळीस वर्षांत असा बघूक नाय. देवान उत्तर देवक नाय, हात झाडल्यान."

त्यात आमची सुशीला! गावच्या शाळेत मास्तरीण ना ती, गप्प कशी बसेल? "बाबा, विमान आवाजाच्या फुडे धावता, आवाज मागसून येता. देवाचो काय संबंध नाय."

दाजी माझ्याकडे वळून म्हणतात, "ह्या चेडू आमच्या घरात येवन असाच शिकवतला काय?"

सांगा, यात माझा काय दोष? विमानाला दुसरी वेळ नव्हती?

हातापाया पडून महिन्याने परत कौल लावला. त्या दिवशी आभाळात घार नाही, आणि उजवी पाकळी टपकन पडली. साखर वाटली, मी डोळे पुसले, तर दाजी साखर चघळत म्हणतात कसे, "लग्न झाला काय शाळा बंद हां. सून मास्तरीण, ता आमका चलाचा नाय."

पोर घरी येऊन म्हणाली, "बाबा, त्या दिवशी विमान इला, तेवा माका इतक्या बरा वाटला…"

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. जिच्यासाठी मी विमानाला शिव्या घालत होतो, तीच मनात त्याला हात जोडत होती. पण मिळालेला कौल मोडायचा कुणी? बाबलीने वाट काढली. म्हणाला, शाळा सोडायची अट देवाला मान्य आहे का, हा वेगळा प्रश्न, त्याचा वेगळा कौल. झालं, उद्या सकाळी दहा वाजता परत सगळे देवळात.

देवावर माझा विश्वास आहे, नाही असं नाही. पण त्याने उजवीच पाडली तर? म्हणून आज जानकीलाही न सांगता देवळात गेलो, आणि त्याच देवाला नारळ कबूल करून आलो… की बाबा रे, उद्या दहाच्या सुमाराला एक विमान तेवढं पाठव.