दुसऱ्या अंकातलं गाणं

रांगेत उभं राहून कान मिटून घेणं शिंपीकाकांना कधी जमलंच नाही. पुढे तिकीट खिडकीपाशी एक मावशी भाचीचा हात धरून उभी होती.

“संगीत नाटक असलं तरी लहान मुलांचं नाही हो हे. दुसऱ्या अंकात आई मरते,” खिडकीतला म्हणाला.

“माहितीये. म्हणूनच हिला आणलंय.”

“अख्खं गाणं रडत म्हणतात. घाबरेल पोर.”

“हिची आई गेली, तेव्हापासून घरात हिच्यासमोर कुणी टिपूस काढत नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडतात नि रडतात. तुम्ही दोन तिकिटं द्या.”

भाची टाचा उंचावून खिडकीत डोकावत म्हणाली, “काका, तिथे नळ आहे?”

“स्टेजवर कुठला नळ, बाळा?”

“मग सगळ्यांसमोर रडतात?”

“हो.”

“मग बाबांचंपण तिकीट द्या.”