ठकीचं माप

—अहो, माझं कुणी ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का? एकानंही ऐकलं नाही. हात वर करा, जाऊबाई. अस्सं. आता हलू नका, बाहीला टाचण्या लावल्यात. मी पहिल्यांदा सांगितलं, ठकीचा फ्रॉक छातीत दाटतोय, तर सूनबाई काय म्हणाली? म्हणाली, सासूबाई, तुमचं माप चुकलं असेल. माझं माप! अख्ख्या गल्लीच्या बायका मी नुसत्या नजरेनं मापते, आणि सख्ख्या नातीच्या मापात मी चुकेन? पाच वर्षांची पोर — फ्रॉक कमरेत ढगळ, उंचीला बरोबर, आणि छातीतच दाटतो, असं कुठं असतं का? आत दुमडून ठेवलेलं कापड होतं-नव्हतं तेवढं उसवून सोडलं, तरी महिना जातोय न जातोय तो पुन्हा दाटला. मुलगा म्हणाला, बाळसं आहे. बाळसं गालाला येतं, मेल्या, तिथं गाठ होऊन येत नाही! तर म्हणाला, आई, तू तुझं शिवण बघ, डॉक्टरकी करू नकोस. हसले सगळे. तुम्हीसुद्धा हसलात. हो, हसलात की — तोंडावर हात ठेवून हसलात, म्हणून काय मला दिसलं नाही?

वळा. पाठ द्या इकडं. मग परवा तिच्या कपड्यांवर रक्त दिसलं. सूनबाई न्हाणीत किंचाळली ते तुम्हीही ऐकलंत. आता पळापळ, आता डॉक्टर! हाताच्या पंजाचा फोटो काढला, तर म्हणे वय पाच आणि हाडं आठ वर्षांची. असंच चालू राहिलं तर झरझर वाढेल आणि मध्येच वाढायची थांबेल — बुटकी राहील जन्माची. मी विचारलं डॉक्टरांना, कशानं होतं हो हे? बाकीचे नुसते रडत होते, विचारणार कोण? तर त्यांनी सांगितलं — डोक्यात वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती हुकूम सोडते, मग ओटीपोटात बीजकोश जागे होतात, ते आपला रस रक्तात सोडतात, आणि मग पोरीची बाई होते. आपल्या दोघींची झाली तशी. पण ठकीची ती ग्रंथी अजून गाढ झोपलेली आहे, रक्त तपासून बघितलं त्यांनी. बीजकोशही निजलेले. मग हुकूम नसताना हे काम करतंय कोण? काय म्हणाले आठवतं ना — बाहेरून येतंय. घरातलंच कुणीतरी काही लावतंय, नाहीतर पोर कुणाची गोळी गिळतेय, आणि ते पोरीच्या अंगात उतरतंय. आज संध्याकाळी सगळ्यांनी यायचं, घरात जे जे लावता, जे जे घेता, ते एका पिशवीत घालून आणायचं. आणि ज्याचं निघेल त्याच्याजवळ पोर द्यायची नाही.

घाम आलाय तुम्हाला. पंखा मोठा करू? — नको? बरं, राहू दे.

एक सांगू का, या खोलीत दोऱ्याचा भुगा सगळीकडं उडतो, माझ्या हातावर पडतो, गिऱ्हाइकाच्या हातावर पडतो, फुंकर मारली की जातो. तुमच्या हातावरचा जात नाही. हे बघा — मनगटापासून कोपरापर्यंत कसा चिकटून बसलाय. आणि ठकीच्या फ्रॉकला मानेशी, पाठीशी तसेच चिकट पट्टे असतात, बरोब्बर तुम्ही तिला कुशीत घेता तिथं — कोण? ठके, पडदा सोड. नाही, आत्ता मोठ्या आजीकडं यायचं नाही, तिला टाचण्या लावल्यात, टोचतील. आत जा. जा म्हणते ना! — बघितलंत? मी सख्खी आजी, पण मी जवळ घेतलं की अंग चोरते, म्हणते तुझे हात खरखरीत आहेत. असतील. सुया टोचून टोचून झालेत. तुमचे मऊ. तुम्ही थोपटल्याशिवाय ती झोपत नाही. मऊच असणार, रोज मलम चोळल्यावर.

रडू नका. रडून काय होणार? तुमची पाळी गेली, अंगातून वाफा निघायला लागल्या, उशी भिजायला लागली — मला नाही झालं ते? मी ओला पंचा गळ्यात टाकून मशीन चालवलं. तुम्ही गुपचूप ट्यूब आणलीत. कपाटात, चादरीच्या खाली, बरोबर? पाळी गेल्यावर शरीर जो रस करायचं सोडतं तोच त्या ट्यूबमध्ये भरलेला असतो, आणि तुमच्या हातावरून तो रात्रभर पोरीच्या कातडीत जातं. हे मी मनाचं सांगत नाही. औषधवाल्याला ट्यूब नेऊन दाखवली, त्यानंच विचारलं, घरात लहान मूल नाही ना, लावलेल्या जागेला त्याला शिवू देऊ नका—

कधी म्हणजे? गेले होते एकदा. आठवत नाही. गणवेशांची गर्दी होती तेव्हा.

हो, शाळा उघडली तेव्हा, चार महिने झाले. मग?

असं बघू नका माझ्याकडं. मी सांगायला आले होते! ट्यूब मुठीत धरून तुमच्या सगळ्यांसमोर उभी होते, आणि तोंड उघडलं तेवढ्यात मुलगा म्हणाला, झाली हिची डॉक्टरकी सुरू. तुम्ही सगळे हसलात. म्हटलं बरं. म्हटलं, तुमच्याच डोळ्यांनी दिसू दे. ट्यूब होती तिथं परत ठेवली. मला काय माहीत रक्तापर्यंत जाईल? मला वाटलं, अजून एक फ्रॉक दाटेल, मग येतील झक मारत विचारायला, आई, तूच सांग — कुणी आलं नाही. मी वाट बघितली. कुणीसुद्धा आलं नाही, जाऊबाई.

ओरडू नका! कुणाला सांगणार? सांगा. आधी तुमची ट्यूब निघेल, मग मला ठाऊक होतं ते निघेल, आणि पोर आपल्या दोघींच्याही हातून जाईल. हवंय तसं? तुम्हाला पोटचं कुणी नाही, तुमचं सगळं ते एवढंच. आणि मला — मला काय, सोडा.

ऐका. खाली बसू नका, टाचण्या आहेत. ऐका नीट. मलम आजपासून बंद. वाफा आल्या तर माझ्याकडं या, पंचा देते. पोरीचं बाकीचं डॉक्टर बघतील, बाहेरून येणारं थांबलं की उतरेल म्हणाले ते. राहिली ती पिशवी. सूनबाई दुसऱ्या मुलासाठी गोळ्या घेतेय, हे डॉक्टरांना ठाऊक आहेच. तिच्या आरशाखालच्या डब्यात दहा ट्यूबा पडलेल्या असतात, त्यात एक अकरावी निघाली तर त्यांना नवल वाटणार नाही. ती नाही म्हणेल. म्हणू दे. मी बोलले तेव्हा माझं कुणी मानलं?

काढा तो ब्लाऊज, सावकाश. द्या इकडं. मोरीत जा आणि हात धुवा, साबणानं, कोपराच्या वरपर्यंत. ट्यूब राहू दे तुमच्याकडं — नको, मीच काढून आणते. आणि डॉक्टरांनी विचारलं की खाली मान घालून एकच सांगायचं, मीही तेच सांगणार. जा आता. डोळे पुसा. कुणाचं नाव, काय विचारता? तुम्ही नसलात की पोरीला पोटाशी घेऊन दुसरं कोण निजतं या घरात? सूनबाई.