तेरावा महिना

(रुग्णालयातली संगणकाची खोली. दुपारचे सव्वातीन.)

सिस्टर : बसा म्हणू नका, उभ्यानेच विचारते. सात नंबरच्या बाईंना पेनिसिलिन चालत नाही, हे जुन्या सिस्टीममध्ये पाच वर्षं नोंदलेलं होतं. काल तुमच्या नव्या पडद्यावर ‘ॲलर्जी नाही’ कसं आलं? ते बघूनच मी इंजेक्शन दिलं.

प्रोग्रामर : चौकशी समितीला आमचं पत्र गेलंय, सिस्टर. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही.

सिस्टर : वाचलं. खाली सही तुमची आहे. म्हणजे दोष माझा. सत्तावीस वर्षं इंजेक्शनं दिली, आणि आज चार वाजता मी निष्काळजी ठरणार. बाई वाचल्या म्हणून एवढ्यावर भागतंय. आता माझ्यासमोर शोधा.

प्रोग्रामर : बघतो. नोंद तर आहे... क्वेरी चालवून बघू. हं. अडली.

सिस्टर : मला कळेल असं बोला.

प्रोग्रामर : आपण तारीख देऊन डेटाबेसकडे माहिती मागतो. जुना डेटाबेस आधी दिवस वाचायचा, नवा आधी महिना वाचतो. काल तेरा तारीख होती. त्याला तेरावा महिना सापडेना, म्हणून त्याने नकार दिला.

सिस्टर : मग पडद्यावर तो नकार का नाही दिसला?

प्रोग्रामर : क्वेरी अडली की यादी रिकामी धरायची, असं लिहिलंय.

सिस्टर : कुणी लिहिलंय?

प्रोग्रामर : प्रात्यक्षिकाच्या दिवशी पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल चौकटी सारख्या येत होत्या. साहेब म्हणाले, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. तात्पुरतं झाकलं होतं, नंतर काढायचं राहिलं.

सिस्टर : मी कुणी म्हणून विचारलं.

प्रोग्रामर : मी.

सिस्टर : ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यातला फरक आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलींना कळतो हो. तपासून घेतलं नव्हतं?

प्रोग्रामर : गेल्या महिन्यात, पाच ते नऊ तारखेला. सगळं चाललं, म्हणून या एक तारखेपासून वॉर्डात सुरू केलं.

सिस्टर : थांबा. म्हणजे पाच तारखेलाही तो भलताच महिना वाचत होता?

प्रोग्रामर : हो. फक्त अडत नव्हता.

सिस्टर : मग बारा तारखेपर्यंतची उत्तरं तरी खरी कशावरून?

प्रोग्रामर : खात्री नाही. पण वीस मिनिटांत दुरुस्त करतो, कुणाला कळायच्या आत...

सिस्टर : कुणाला कळायच्या आत? वॉर्डात अडतीस माणसं आहेत. चारची औषधं हा पडदा बघून निघतील. आधी तो बंद करा. जुन्या सिस्टीमवरून अडतीस जणांच्या याद्या छापून द्या. मी खाटेखाटेशी जाऊन विचारते.

प्रोग्रामर : चारला तुमची चौकशी आहे. तुम्ही नसलात तर ते एकतर्फी निकाल देतील.

सिस्टर : देऊ देत. औषधंही चारलाच आहेत.

प्रोग्रामर : या घ्या याद्या. सिस्टर... समिती कुठल्या खोलीत बसते?

सिस्टर : दुसरा मजला, जिन्यासमोर. गेल्यावर आधी नाव सांगा. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.