तापला की आवळणारा हातमोजा

मी, श्रीमती इंदिरा ढुंढिराज गायधनी, वय ७१ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण सातवी, राहणार पंचवटी, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

माझे पती पौरोहित्य करीत. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा व बधिर झाला. डाव्या हाताने ओवाळणे त्यांना पटेना, म्हणून घरची आरती मी करू लागले.

आमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू मयुरेश देवरे हे कॉलेजात रबरावर संशोधन करतात. त्यांनी ह्यांच्यासाठी हातमोजा केला. त्यातल्या रबरी पट्ट्यांत द्रवस्फटिकाचे कण, टीव्हीच्या पडद्यात असतात तसले, पंगतीसारखे ओळीने बसवलेले असतात. बॅटरीने ऊब दिली की पंगत मोडते, पट्टी आखडते, बोटे मिटतात. गार झाली की पंगत पुन्हा बसते, बोटे सुटतात. मला समजले ते असे.

पहिल्या दिवशी ह्यांनी वाटी धरली. म्हणाले, "इंदे, रुसलेला पाहुणा घरी आला बघ."

तेव्हाच मयुरेश म्हणाले, "आजोबा, आरती मात्र नको. आच लागली तर हे आवळतच जाईल. बटण बंद केलं तरी सुटणार नाही."

हे म्हणाले, "अरे, देवाला ओवाळायचं नाही तर हात काय केळी सोलायला दिलास?" आम्ही सगळेच हसलो.

गेल्या सोमवारी सकाळी मयुरेश कॉलेजात गेलेले होते. ह्यांनी मोजा मागितला. मी चढवला. कापूर त्यांनीच घातला, जरा सढळच. आरती अर्धी झाली आणि कापूरआरतीचा पितळी दांडा तापला. बधिर हाताला ते कळले नाही. ठेवायला गेले तर ठेवता येईना. "इंदे, सोडव," म्हणाले. मी बोटे ओढली. सुटली नाहीत. ओढाओढीत जळता कापूर उपरण्यावर पडला. पाणी आणेपर्यंत धोतरही पेटले होते.

हातावर पाणी पडल्यावर बोटे आपोआप उघडली.

बुधवारी हे दवाखान्यातच वारले.

मयुरेश यांनी धोका सांगितला नव्हता, अशी तक्रार माझा मुलगा यशोधन याने दिली आहे. त्यांनी सांगितला होता. यशोधन तेव्हा तिथेच चहा पीत होता, तोही हसला होता. माझी मयुरेश यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. परक्याच्या लेकराने माया केली, त्याचे हे फळ त्याला मिळू नये.

यशोधन बाहेर बाकावर बसला आहे. बाप गेल्यापासून जेवलेला नाही. घरी ही गोष्ट त्याला माझ्याने सांगवणार नाही. मला वाचून दाखवलेत तसे त्यालाही आपणच दाखवावे. मी बोलले तेच यात उतरले आहे, म्हणून खाली सही करते.