मन लावून हरलेली मॅच

...नाही, पण माझं म्हणणं एवढंच आहे की माणसाला निदान हरण्याचा तरी हक्क आहे की नाही? आता परवाचंच घ्या, इंदरगंजच्या चौकात सायकलचं पंक्चर काढून घेत उभा होतो, मागून पाठीवर थाप पडली, बघतो तर वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कचेरीतले कान्होजी, आणि म्हणतात काय, "गोविंदा, चार वर्षं झाली, पण तुझी ती मॅच डोळ्यांपुढून हलत नाही बघ. काय हरला होतास. खानदानी पोरालाच जमतं ते." झालं. आता यांना काय सांगायचं? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी हरलो होतो. म्हणजे खरा. घाम गाळून, जीव तोडून, अगदी मन लावून हरलो होतो. पण आख्ख्या ग्वाल्हेरात एक माणूस मानायला तयार असेल तर शपथ.

कुठली मॅच म्हणता? सांगतो ना, सगळं सांगतो. एकोणचाळीस सालचा मे महिना. कॉलेजला सुट्टी लागलेली, होस्टेल रिकामं, आणि आमचे विश्वासराव सर, शिकवायचे इतिहास पण जीव सगळा टेनिसमध्ये, त्यांनी कॉलेजच्या मागच्या कोर्टांवर आम्हा पोरांसाठी सहा आठवड्यांचा टेनिसचा वर्ग काढला. सकाळी साडेपाचला हजर. साडेपाचला का, तर आठ वाजले की लू, तो भाजून काढणारा वारा, सुटायची आणि मग कोर्टावर फक्त चेंडू उभा राहू शकायचा, माणूस नाही. पण ती सकाळ काय असायची हो... भिश्ती मशकीनं कोर्ट शिंपून गेलेला, ओल्या मातीचा वास, ऊन आधी वर किल्ल्यावर यायचं आणि आम्ही खाली अजून सावलीत, आणि दौलतसिंह मार्कर, म्हणजे कोर्ट राखणारा, पॉइंट मोजणारा, सगळं तोच, तो चुन्याची रेघ ओढत ओरडायचा, "भैया लोग, लकीर पे पाँव मत धरना, अभी गीली है." आणि आम्ही पहिला पाँव तिथेच धरायचो. परत येताना डाळ भरलेली गरम बेडई पुरी खायची, फालसे खिशात भरायचे, खिसे जांभळे, घरी आई ओरडणार... आता लढाईमुळे चेंडूच मिळत नाहीत, त्या कोर्टावर सकाळी शिट्ट्या फुंकत कवायत चालते. मी सायकल त्या रस्त्यानं नेतच नाही. जाऊ दे.

तर मुश्किल काय होती, की वर्गात जयसिंहराव होते. सरदार संभाजीरावांचे चिरंजीव, माझ्याच वयाचे, सतरा. आणि आम्ही बाकीचे चौदा, त्यातल्या अकरा जणांचे वडील कुठल्या ना कुठल्या सरदाराच्या पदरी. माझे अण्णा तर खुद्द संभाजीरावांकडे पत्रं लिहायला. आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, सरदारांपुढून परतताना त्यांच्याकडे पाठ करायची नाही, मुजरा करायचा आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचं. आम्हा पोरांच्या ते पायातच मुरलेलं. दरबारात ठीक आहे हो, पण टेनिसमध्ये? जयसिंहरावांनी डोक्यावरून उंच चेंडू मारला की माणसानं काय करावं, वळावं आणि पळावं. आम्ही उलटे पळायचो. तोंड राजांकडे, हो, त्यांना आम्ही राजेच म्हणायचो, आणि पाय मागे. बळवंत तर एकदा असाच उलटा पळत पळत रोलरवर जाऊन उताणा पडला, आणि पडल्या पडल्या म्हणतो, "सुंदर मारलात, राजे." विश्वासराव सर टोपी आपटायचे, "अरे वळा रे, टेनिस आहे हे, मुजरा नाही." कोण वळतोय?

आणि हरायचे तर असे एकेक की विचारू नका. कुणाच्या पायात गोळा, कुणाच्या डोळ्यात चिलट. एक जण तर सर्व्हिस करण्याआधीच म्हणाला, "आज माझं काही खरं दिसत नाही." आणि दौलतसिंह म्हणजे कळस. राजांचा चेंडू बाहेर पडला की हा वाकून रेघ बघणार, मान हलवणार, "हुकुम, आज लकीर ज़रा अंदर खिंच गई." पॉइंट राजांना.

मग एक दिवस काय झालं, सगळे गेले, मी नीमाखाली माठातलं पाणी पितोय, आणि जयसिंहराव माझ्या शेजारी येऊन चक्क जमिनीवर बसले. मी उठलो. म्हणाले, "बस रे." मी बसलो, पण अर्धाच. म्हणाले, "गोविंदा, काल मी एक गंमत केली. डोळे मिटून चेंडू मारला."

"मग?"

"मग काय, सरळ जाळीत. आणि दौलतसिंह म्हणतो, हुकुम, नेट ऊँचा बँधा है. खाली बांधायला पण निघाला होता."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "वर्गात जो पहिला येईल त्याला सर इंदूरला स्पर्धेला पाठवणार. पहिला मीच येणार, तुम्ही सगळे मिळून आणणार मला. आणि इंदूरला मला कोण ओळखतं? तिथे चार गावच्या लोकांपुढे माझं नाक कापलं जाईल. मला जायच्या आधी एकदा कळायला हवं रे, मला खेळता येतं की नाही. फायनल तुझी-माझी आहे. एकदा खरं खेळ. हरव मला. नाहीतर निदान हरवायला बघ तरी."

तुम्हाला सांगतो, सरदाराच्या मुलाचा आवाज असा होऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं. एकदम आपल्यासारखा. मी म्हटलं, "खेळतो. वचन." म्हणाले, "आणि मला नुसतं जयसिंह म्हण." मी म्हटलं, "बरं, राजे."

आता घरी आलो, खासगी बाजारातलं आमचं घर, दोन खोल्या, अण्णा गच्चीवर संध्या आटोपून बसलेले. मला जवळ बोलावलं. मला वाटलं म्हणतील, मुकाट्यानं हर. छे हो, इतकं साधं असतं तर. म्हणाले, "गोविंदा, हरण्याचीही रीत असते. पटकन हरलास तर तो त्यांचा अपमान. पहिला सेट तू घ्यायचा, म्हणजे लोक सावरून बसतात. दुसरा त्यांना. तिसऱ्यात पाच-पाचपर्यंत न्यायचं, आणि मग हळूच... कळलं? आमचे संभाजीराव सरकारसुद्धा गोऱ्या पाहुण्यांशी बिलियर्ड असेच हरतात." मी मान डोलावली. मनात म्हटलं, अण्णा, माफ करा, मी उद्या सहा-शून्य, सहा-शून्य करून टाकणार. तुमची नोकरी राहो वा जावो... तसं नाही, नोकरीचं आठवून रात्रभर अण्णांचा पगार मोजत पडलो होतो, पण वचन म्हणजे वचन.

फायनलला शामियाना. संभाजीराव खुर्चीवर, मागे हात बांधून अण्णा, पलीकडे कान्होजी, सगळी कचेरीच आलेली. खेळ सुरू झाला आणि मी तुटून पडलो. पहिला सेट मी घेतला, सहा-चार. अण्णांकडे बघितलं, ते समाधानानं मान हलवतायत. मला कळेना का. मग आठवलं... अरे बाप रे, पहिला सेट तू घ्यायचा. बरं, म्हटलं, दुसरा पण घेतो, मग बघू कसे हसतात. पण दुसऱ्यात जयसिंहराव जे खेळायला लागले, तुम्हाला सांगतो, मी सहा आठवडे त्या माणसासमोर उलटा पळत होतो पण त्याचा हात असा चालतो हे कधी बघितलंच नव्हतं, कारण कुणी चेंडू परतच द्यायचं नाही ना त्यांना. माझ्या बॅकहँडवर मारा, परत बॅकहँडवर, आणि माझा बॅकहँड म्हणजे देवाचं नाव. सहा-तीन, त्यांचा. अण्णा पुन्हा समाधानी. तिसऱ्यात मी जिवाच्या करारानं धरून ठेवलं, आणि गेम किती झाले? पाच-पाच. हो. पाच-पाचच. मला रडूच आलं. मी आभाळाकडे बघून म्हटलं, देवा, दुसरा कुठलाही आकडा नव्हता तुझ्याकडे?

मग त्यांनी एक गेम घेतला, सहा-पाच, आणि शेवटचा पॉइंट आला. जयसिंहरावांनी माझ्या डोक्यावरून चेंडू उंच टोलवला, किल्ल्याएवढा उंच. आणि मी वळलो. हो, पाठ केली. सरदाराच्या मुलाकडे, सरदाराकडे, शामियान्याकडे, अण्णांच्या नोकरीकडे, सगळ्यांकडे पाठ करून पळालो. मागे लोकांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. पोचलो सुद्धा. हातात जेवढी ताकद होती तेवढी लावून मारला... आणि चेंडू कुंपणाच्या पलीकडे, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मोसंबीत. दौलतसिंहानं सुद्धा रेघ बघितली नाही. सात-पाच. संपलं. हरलो. मन लावून हरलो.

आणि टाळ्या. त्यांना नाही हो, मला. संभाजीरावांनी अण्णांना स्वतःच्या हातानं विडा दिला, असा मान अण्णांना बावीस वर्षांत मिळाला नव्हता. अण्णांचे डोळे भरून आले, माझ्या कानाशी म्हणाले, "पाठ फिरवलीस ते जरा जास्त झालं, पण शोभलं." मी म्हटलं, "अण्णा, मी खरं खेळलो." म्हणाले, "हळू बोल. असं बोलायचं नसतं."

म्हटलं, दुनिया गेली चुलीत, एक माणूस तरी मानेल. नीमाखाली गेलो. जयसिंहराव माठापाशी उभे. माझ्याकडे बघितलं आणि असे हसले, की माणूस आतून काही बंद करताना हसतो ना, तसे. म्हणाले, "वाह गोविंदा. बाकीच्यांचं कळतं तरी. तू तर घामसुद्धा खरा आणलास."

"राजे, देवाशपथ सांगतो..."

"पहिला सेट तुझा, दुसरा माझा, तिसऱ्यात पाच-पाच. आमच्या घरात बिलियर्ड टेबल आहे रे, गोविंदा."

मग काय, शपथांवर आलो. मी आईची शपथ घेतली, कुलदैवताची घेतली, बॅकहँड करून दाखवला, म्हटलं बघा हो, हा असा बॅकहँड कुणी मुद्दाम करू शकतो का? म्हणाले, "तेच म्हणतोय, फार मेहनत घेतलीस." आणि सरांना जाऊन सांगितलं, मी इंदूरला जात नाही, गोविंदाला पाठवा. नाक कापून घ्यायची माझी तयारी नाही. सरांनी समजावलं, कुणाचं ऐकलं नाही.

तर इंदूरला मी गेलो. भोपाळला गाडी बदला, उज्जैनला बदला, मांडीवर रॅकेट, वाटेत आईच्या दशम्या... आणि वाटभर मनात एकच, की जायला हवे होते ते, मी नाही. पहिल्याच फेरीत हरलो. सहा-एक, सहा-शून्य. पण सांगू का, मी खूश. म्हटलं हा झाला पुरावा. परत आलो, घरी पेटीसुद्धा टेकवली नाही, तडक त्यांच्याकडे. मुजरा केला, म्हटलं, "राजे, हरलो. सहा-एक, सहा-शून्य. आता तरी पटलं? मी आहेच असा. तुम्ही मला खरं हरवलंत."

त्यांनी मला बसवलं. मग म्हणाले, "समोर कोण होता?"

"रेल्वेच्या गार्डाचा मुलगा."

"गार्डाचा?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, इतक्या मायेनं ठेवला की मला हलवता येईना. "अरेरे. म्हणजे आता तुला सवयच लागली, गोविंदा."

बस. पुढल्या वर्षी वर्ग निघाला नाही. त्यानंतर आम्ही पुष्कळदा भेटलो, पण त्यांनी रॅकेटला हात लावला नाही. टेनिसचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायचे. मला सारखं वाटायचं, की त्या एका मॅचला मी जरा बरा खेळलो असतो, किंवा जरा वाईट, कसाही, फक्त अण्णांच्या हिशेबानं सोडून, तर हा माणूस अजून खेळत असता. मग लढाई आली, ते फौजेत गेले.

आणि काल त्यांचं पत्र आलं. वाचून दाखवतो, थांबा. लिहितात, "गोविंदा, इथे कॅम्पात टेनिस कोर्ट आहे. सोबतच्यांनी आग्रह केला म्हणून चार वर्षांनी रॅकेट धरली. इथे मी कोणाचा कोण ते कुणाला ठाऊक नाही, माझं नाव सुद्धा यांना घेता येत नाही. स्पर्धा झाली. मी पहिला आलो. सगळ्यांना हरवलं, एकही जण हसून हरला नाही, एकानं तर रॅकेट मोडली. गोविंदा, मला खेळता येतं रे." इथे शाई जरा फुटलीय बघा. मला वाटलं, हुश्श, आता तरी सुटलो, आता तरी पुढली ओळ तीच असणार. पुढली ओळ आहे, "तेव्हा तू उगाच एवढी मेहनत घेतलीस. मी तसाही जिंकलो असतो."

काय करता? आज सकाळी उत्तर टाकलं. लिहिलं, चुकलं माझं.