पाचातली खरी दोन

(सांगली, विश्रामबाग. फिजिओथेरपीची खोली. टेबलावर धान्याच्या पाच पिशव्या. हरणाबाईंच्या डोळ्यांवर पट्टी, शेजारी त्यांची लेक सोनिया, समोर फिजिओथेरपिस्ट प्रियदर्शनी.)

हरणाबाई : ही मटकी.

प्रियदर्शनी : बरोबर. आता चौथी.

हरणाबाई : हुलगा.

प्रियदर्शनी : हेही बरोबर. आजी, हात घालायच्या आधी तुम्ही पिशवी हलवता कशाला?

हरणाबाई : सवय हाय.

प्रियदर्शनी : मग पाचवी मी धरते. न हलवता बोटं घाला आणि सांगा.

सोनिया : आई, सांग की.

हरणाबाई : काय सांगू? आत काय हाय ते कळंना.

सोनिया : अगं, मग दोन महिने पाचातली पाच कशी सांगत होतीस?

हरणाबाई : कानानं. जलमभर धान्य पाखडलंय मी. कुठलं बी हालवा, आवाजावरनं नाव सांगंन.

प्रियदर्शनी : आजी, मला तुमचे कान तपासायचे नव्हते. केमोनं बोटांच्या नसा दुखावल्यात, त्या किती सुधारल्या ते बघायचं होतं. दोन महिने मी वहीत पाच-पाच लिहितेय. व्यायामही त्यावरूनच ठरवले, सगळे चुकीचे.

हरणाबाई : चुकलं माजं, बाई.

प्रियदर्शनी : पण मला फसवून काय मिळणार होतं?

सोनिया : मी सांगते मॅडम. गावाकडं, माण तालुक्यात, आईची साठ मेंढरं आहेत. सध्या चुलते राखतात. माझा भाऊ इंद्रजित मुंबईला असतो. तो म्हणतो, आईचे हात गेले, आता मेंढरं विकू. रविवारी व्यापारी बघायला येणार आहे. म्हणून आई त्याला फोनवर पाचातली पाच सांगायची.

हरणाबाई : हात गेलं म्हनतो! ह्या हातानं लोकरीतनं गोचीड काढल्यात. कोकरू आडवं आलंय का, ते पोटावर हात ठिवून सांगितलंय. आन बाई, छातीतली गाठ बी डाक्टरानं न्हाई हुडकली, मी हुडकली. वाटाण्याएवढी हुती. जलमभर मेंढरांच्या कासंत हात, मला कळत न्हाई व्हय? डाक्टर म्हनला, लवकर आलासा म्हनून वाचलासा.

प्रियदर्शनी : हे मला कधीच सांगितलं नाहीत.

हरणाबाई : तुमी रोज धान्याचंच इचारायच्या.

प्रियदर्शनी : बरं, आता परत करू. ह्या टॉवेलावर मी एकेक दाणा ठेवते. आवाजच येणार नाही. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हीत धरा. घाई नको.

हरणाबाई : ह्यो न्हाई कळत.

प्रियदर्शनी : सोडा. हा?

हरणाबाई : ह्यो बी न्हाई.

प्रियदर्शनी : हा घ्या.

हरणाबाई : थांबा, बोलू नका. चपटा हाय. हुलगा ह्यो.

प्रियदर्शनी : हं. आणि हा?

हरणाबाई : ह्येला नाक हाय. हरभरा.

सोनिया : आई, बरोबर आलं गं.

प्रियदर्शनी : आता शेवटचा.

हरणाबाई : निसटला बगा. गावला न्हाई.

प्रियदर्शनी : पाचातली दोन. आजी, पहिल्या दिवशी इथं चहाच्या कपानं तुमचं बोट पोळलं, तर ते सोनियाताईंनी दाखवल्यावर तुम्हाला कळलं. त्याच बोटानं आज हरभऱ्याचं नाक शोधलं. मला अभिमान वाटतो तुमचा. राग मात्र अजून गेला नाही.

हरणाबाई : ऱ्हाऊ द्या राग. पर वहीतलं समदं पाच खोडा. आजचं दोन ल्ह्या, जरा ठसठशीत ल्ह्या.

सोनिया : आणि दादाला काय सांगायचं? दोन ऐकलं तर तो व्यापाऱ्याला आणणारच.

हरणाबाई : फोन लाव, मीच बोलते. इंदर? आरं, आज दोन दानं वळखलं. व्हय, दोनच. आदीचं पाच खोटं हुतं, कानानं सांगत हुते. आज बोटानं वळखलं. ऐक माजं. मेंढरं एकदम घरला येत न्हाईत, लेका. म्होरची दोन दिसली की मागची बी येत्यात. हं. हं. बरं, ठेव.

सोनिया : काय म्हणाला?

हरणाबाई : म्हनला, आये, तू पाच सांगायचीस तवा मला खरंच वाटायचं न्हाई. दोन म्हनलीस, आता इस्वास बसला. व्यापाऱ्याला नगं म्हनून कळवतो.