मशीन तुमचंच खराब

हसू नका, पण संत्र्यांची पिशवी पाहिली की मी आजही मान खाली घालते.

बाळंतपणाच्या रजेनंतरचं ते माझं पहिलंच काम. सदर भागातल्या आमच्या ऑफिसातले प्रोग्राम कळमेश्वरच्या एका कारखान्यातल्या वेगळ्या बनावटीच्या कॉम्प्युटरवर चढवायचे होते. मी ते सगळे आवळून, त्यांचा एक गठ्ठा बांधून एका फ्लॉपीत बसवले. तिथे गेल्यावर कळलं, की गठ्ठा सोडणारा प्रोग्राम त्यांच्याकडे नाहीच, आणि आमचा मी त्याच गठ्ठ्यात बांधलाय! पेटीची किल्ली पेटीतच.

"काहून थांबल्या, मॅडम?" तिथले ऑपरेटर वानखेडेकाका.

रजेत मी सगळं विसरले, असं साहेबांना वाटलं तर? मी म्हटलं, "तुमचं मशीनच खराब दिसतंय."

काका बिचारे ओशाळले. "आमच्यापायी तुमची खेप वाया गेली. लेकरू वाट पाहून राहिलं असन." वर संत्र्यांची पिशवी दिली.

पुढच्या आठवड्यात मी तो गठ्ठा सोडणारा प्रोग्राम वेगळ्या फ्लॉपीवर नेला. सगळं झटक्यात चाललं. काकांनी लगेच आमच्या साहेबांना फोन लावला. "मॅडमनं बरोबर ओळखलं होतं. मशीन आमचंच खराब होतं, त्यायनं नीट करून देलं."

बोलता बोलता त्यांनी दुसरी पिशवी माझ्याकडे सरकवली. मी तीही घेतली.